जीपचा टप

इतिहास म्हटला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, तहनामे आणि ताम्रपट उभे राहतात. त्या पंगतीत पत्र्याचा एक टप बसविण्याचे धाडस आम्ही करीत आहो. कारण एवढेच की, दारव्हा तालुक्यातील बोरी अरब येथे तो टप एका जुन्या जीपवर पुन्हा चढविला जात असता आम्ही हजर होतो, आणि तेथे जे पाहिले त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

जीप जन्मली ती टपावाचून. १९४० साली अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली आणि १९४१ पासून विलीस व फोर्ड यांच्या कारखान्यांतून ती लाखांच्या हिशेबाने बाहेर पडू लागली. लोखंडी कमानींवर ताणलेले कॅनव्हासचे हूड आणि बॉनेटवर पालथी पाडता येणारी पुढची काच, एवढाच तिचा निवारा. लढाई संपल्यावर १९४५ साली विलीसने तिला मुलकी वेष दिला. त्याच वर्षी मुंबईत महिंद्र अँड महंमद ही पेढी निघाली. त्यांतले गुलाम महंमद पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर-जनरल झाले आणि १९४८ साली पेढी महिंद्र अँड महिंद्र झाली. फाळणी एका पेढीच्या पाटीवरही अशी उमटून गेली आहे. सुटे भाग आणून जीप जुळविण्यापासून या पेढीने आरंभ केला आणि पुढे ती येथेच घडविली. उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९६८ साली बंद पडली. आपल्याकडे ती त्यानंतरही कित्येक वर्षे निघत राहिली.

खेड्याला जीपची ओळख झाली ती सरकारी गाडी म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना सुरू झाली, १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, आणि ‘जीप आली’ याचा अर्थ ‘साहेब आले’ असा रूढ झाला. पण आमच्या भागातले ऊन कॅनव्हासचे हाडवैरी. वैशाखात कापड करपते, आषाढात शिवणी उसवतात, आणि आत बसलेल्या साहेबाची फाइल भिजते. परदेशात यावर कारखान्यांनीच उपाय काढला. १९४८ साली अवतरलेल्या लँड रोव्हरला बोल्टांनी बसणारा टप लवकरच मिळाला. अमेरिकेत १९७६ च्या सीजे-७ ला प्लास्टिकचा अखंड टप मागून घेता येऊ लागला. आपल्याकडे हे काम गावोगावच्या बॉडी बांधणाऱ्या मिस्त्र्यांनी केले. अँगलचा सांगाडा, वर पत्रा, आणि भोके त्याच गाडीवर मापून पाडलेली. म्हणून असा टप एकाच जीपचा असतो. दुसरीवर तो बसत नाही.

बोरी अरबचा टप या जातीचा. गाडीची डागडुजी चालू असता तो काढून गोठ्यात घडवंचीवर ठेवला होता. पावसाळ्यापूर्वी तो चढवायचा होता. बॉडीच्या काठावरचे जुने, दगडासारखे झालेले रबर खरवडून नवी पट्टी लावली, पुढच्या काचेच्या चौकटीचे बोल्ट मुद्दाम ढिले केले, आणि चौघांनी टप उचलून वर ठेवला. पुढची भोके जुळताच आमच्यातल्या एका उत्साही गृहस्थाने तेथील बोल्ट करकचून आवळले. मागे पाहतो तो भोके बोटभर सरकलेली! कोणी म्हणाले, नवी भोके पाडू. कोणी कानस मागितली. वृद्ध मिस्त्री मात्र गाडीच्या चाकांकडे पाहत होते. डावे मागचे चाक शेणखताच्या उंचवट्यावर चढलेले होते. एक चाक उचलले गेले की जीपची चौकट पिळते आणि तिच्यासोबत बॉडीही पिळते. टप मात्र ताठच राहतो. मिस्त्र्यांनी बोल्ट सोडविले, गाडी सपाट जागी ढकलावयास लावली, सगळे बोल्ट आधी नुसत्या हाताने फिरविले, मग कोपऱ्याआड कोपरा घेत पान्याने थोडेथोडे आवळले. एकही भोक वाढवावे लागले नाही.

ते वाढविले असते तर काय बिघडले असते? येथेच आमच्या विषयाचे मर्म आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते, पण ती मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. आता मूळ रूप कोणते? कारखान्यातून निघालेले कॅनव्हासचे, की तालुक्याच्या मिस्त्र्याने घडविलेले आणि गाडीने निम्मे आयुष्य पांघरलेले पत्र्याचे? नियमाच्या शब्दांत पहिले बसते. आमच्या मते मात्र इतिहास दुसऱ्यात आहे. मुंबईच्या कारखान्याने काय घडविले हे त्याच्या जाहिरातींवरूनही कळेल. गावाने त्यात काय भर घातली, हे या टपावाचून कळणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही. तेव्हा कचेऱ्यांच्या आवारात असे टप शोधण्यात अर्थ उरलेला नाही. जे आहेत ते खाजगी गोठ्यांत आहेत, आणि भंगारवाला त्यांचे वजन करतो, वय विचारीत नाही.

मालकाने नोंदणीच्या अर्जासाठी दोन्ही रूपांची छायाचित्रे काढून ठेवली आहेत. टप उतरवून अर्ज करावा की टपासकट, हे अद्याप ठरलेले नाही. मिस्त्र्यांनी त्या वादात भाग घेतला नाही. त्यांनी दोन बादल्या पाणी टपावर ओतले, आत वाकून पाहिले, आणि डाव्या कोपऱ्यातून थेंब येतो म्हणून तेथे रबराचा आणखी एक तुकडा मागितला.