रेमोची पहिली कॅसेट: चार ट्रॅकवर उभा राहिलेला एका माणसाचा बँड

रत्नागिरीतलं कुठलंही लग्न घ्या. डीजेवर 'हम्मा हम्मा' लागलं की पहिल्या दोन सेकंदांत अर्धी वरात ओळखते. थोडे वयस्कर असाल तर १९८७च्या 'जलवा' सिनेमाचं टायटल साँगही आठवेल. दोन्हीकडे आवाज रेमो फर्नांडिसचा आहे, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. आता त्यांना रेमोच्या पहिल्या अल्बमचं नाव विचारून बघा. गोव्यात कदाचित कोणी सांगेल. बांदा ओलांडून आपल्याकडे आलात की उत्तर मिळणं कठीण.

अल्बमचं नाव 'गोअन क्रेझी', साल १९८४. नाव मोठ्याने उच्चारून बघा. 'वेडा होत चाललोय' आणि 'गोव्याचा वेडा' असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. रेमोची विनोदाची जात इथेच कळते.

हा अल्बम कुठल्याही स्टुडिओत झाला नाही. बार्देश तालुक्यात शापोरा नदीकाठी शिवोली नावाचं गाव आहे, इंग्रजी पाट्यांवर दिसतं ते सिओलिम. तिथल्या घरात रेमोने तो एकट्याने रेकॉर्ड केला. वाद्यं सगळी त्यानेच वाजवली, मुख्य आवाज त्याचा आणि मागचा कोरसही त्याचाच. मग कॅसेट स्कूटरवर टाकून तो गोव्यातल्या दुकानांत स्वतः विकायला निघाला.

ही गोष्ट आज 'बघा, किती जिद्दी माणूस' अशा थाटात सांगितली जाते. जिद्द होतीच. पण घरात बसून रेकॉर्डिंग करायचं हा त्याचा हौसेचा निर्णय नव्हता. मुंबईची दारं बंद होती म्हणून तो घरात बसला.

आधी बँड होते

रेमोचा जन्म ८ मे १९५३चा. गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. शाळेपासूनच गिटार आणि बँड. पुढे आर्किटेक्चर शिकायला तो मुंबईत सर जे. जे.ला आला आणि तिथे 'द सॅव्हेजेस' या बँडमध्ये वाजवू लागला.

त्या काळातल्या मुंबईच्या रॉकबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नाहीतर पुढचं कळणार नाही. बँड पुष्कळ होते. 'शिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'शिमला बीट' नावाची बँडची स्पर्धा व्हायची आणि निवडक बँडच्या १९७० आणि १९७१ अशा दोन रेकॉर्डही निघाल्या. पण हॉटेलात, कॉलेजात वाजवायचं म्हणजे मुख्यतः बीटल्स, स्टोन्स, हेंड्रिक्स यांचीच गाणी. श्रोत्यांना तेच हवं असायचं. स्वतः लिहिलेली गाणी सादर करणारे थोडे आणि त्यांना अख्खा अल्बम करू देणारी कंपनी मिळालेले तर बोटांवर मोजण्याइतके.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी रेमो युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत भटकून आला. लिफ्ट मागत प्रवास आणि मिळेल तिथे वाजवणं. परतला तेव्हा त्याच्याकडे स्वतःची गाणी होती. इंग्रजीत लिहिलेली, पण विषय इथलेच. मुंबईतल्या रेकॉर्ड कंपन्यांना त्यात बाजार दिसला नाही. इंग्रजी ऐकणाऱ्याला परदेशी गायक हवा आणि बाकीच्यांना हिंदी सिनेमा, असा साधा हिशोब होता. मधल्या माणसासाठी दुकानात खणच नव्हता.

चार ट्रॅक म्हणजे नक्की काय?

आज मोबाइलवर फुकटच्या ॲपमध्ये वीस-तीस ट्रॅक सहज मिळतात. त्यामुळे चार ट्रॅक म्हणजे किती कमी, हे लक्षात येत नाही.

साधी कॅसेट दोन बाजूंनी वाजते. प्रत्येक बाजूला डावा आणि उजवा असे दोन पट्टे, म्हणजे टेपवर एकूण चार. १९७९मध्ये टॅस्कॅम कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' नावाचं यंत्र आणलं. त्यातली युक्ती अशी की हे चारही पट्टे एकाच दिशेने, एकाच वेळी वापरायचे. पहिल्या पट्ट्यावर गिटार वाजवा, टेप मागे न्या, ती गिटार ऐकत ऐकत दुसऱ्यावर बेस वाजवा. म्हणजे एकटा माणूस स्वतःच स्वतःला साथ करू शकतो. पण टेपची पूर्ण रुंदी चार मिलिमीटरही नसते आणि त्यात चार पट्टे. आवाज बरा यावा म्हणून यंत्र टेप दुप्पट वेगाने पळवायचं. परिणाम काय, तर साठ मिनिटांच्या कॅसेटवर काम होणार जेमतेम पंधरा मिनिटांचं.

आणि चार पट्टे भरले की? मग 'बाउन्स' करायचं. पहिल्या तीन पट्ट्यांवरचं सगळं एकत्र करून चौथ्यावर उतरवायचं आणि ते तीन पुसून मोकळे करायचे. पुन्हा दोन भरा, तिसऱ्यावर उतरवा, उरलेल्या दोनांवर आणखी दोन गोष्टी घ्या. अशा कसरतीने चाराचे सात होतात. मात्र एकदा एकत्र केलेलं पुन्हा सुटं होत नाही. पहिल्या फेरीत ताल मोठा राहिला आणि ते शेवटच्या दिवशी लक्षात आलं, तर तो तसाच राहणार. शिवाय प्रत्येक उतरवणीत टेपची सूंऽऽ अशी खरखर थोडी वाढते.

म्हणजे चार ट्रॅकवर काम करणाऱ्याला पहिला सूर वाजवायच्या आधी अख्खं गाणं डोक्यात तयार लागतं. बँडमध्ये चार जण भांडून, एकमेकांचं ऐकून गाणं घडवतात. इथे ड्रमर, बेसवाला, गिटारवाला आणि गायक हे सगळे एकाच डोक्यात बसलेले. म्हणूनच 'गोअन क्रेझी'ला एकट्या गायकाचा अल्बम म्हणण्यापेक्षा एका बँडचा पहिला अल्बम म्हणणं मला जास्त पटतं. फक्त या बँडमध्ये माणूस एकच होता.

जगात हे दुसऱ्या कोणी केलं नव्हतं असं नाही. पॉल मॅकार्टनीने १९७०चा 'मॅकार्टनी' बराचसा घरीच, सगळी वाद्यं स्वतः वाजवून केला. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२चा 'नेब्रास्का' तर न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, पोर्टास्टुडिओवरच झाला. आज 'नेब्रास्का'वर पुस्तकं निघतात, सिनेमा निघतो. पण एक फरक विसरू नका. या दोघांच्या मागे मोठ्या कंपन्या होत्या. घरात रेकॉर्ड केलेलं त्यांनी नेऊन दिलं की पुढचं सगळं कंपनी बघायची. शिवोलीत पुढचं सगळं म्हणजे स्कूटर.

स्कूटर पुरली कशी?

पुरली, कारण माध्यम कॅसेटचं होतं. काळी तबकडी काढायची तर प्रेसिंगचा कारखाना लागतो आणि भारतात त्या धंद्यावर वर्षानुवर्षं एचएमव्हीची पकड होती. कॅसेटच्या प्रती मात्र छोट्या यंत्रांवर निघतात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला देशभर हीच उलथापालथ झाली. टी-सिरीज त्यातूनच वर आली. गावोगावची भजनं, कोळीगीतं, लावण्या, कव्वाल्या कॅसेटवर आल्या. आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांनी रत्नागिरीच्या घराघरांत टू-इन-वन पोचवले ते साधारण याच काळात.

ही लाट आपण नेहमी लोकसंगीताची आणि पायरेटेड सिनेगीतांची म्हणून सांगतो. त्याच लाटेवर शिवोलीतून एक इंग्रजी रॉक अल्बमही तरंगला, हे सांगायचं राहून जातं.

पण स्कूटरची मर्यादाही ओळखा. १९८४मध्ये कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण मार्गावर धावायला १९९८ उजाडलं. खाजगी एफएम नव्हतं. टीव्ही म्हणजे दूरदर्शन. गोव्यातल्या दुकानांत मिळणारी कॅसेट सावंतवाडीच्या पुढे यायची ती कोणाच्या तरी पिशवीतूनच. गोव्यात रेमो गाजला आणि दोनेकशे किलोमीटरवरच्या आपल्याला पत्ता नव्हता, त्यात आश्चर्य काही नाही.

मग त्यात ऐकायचं काय?

आधी दोष सांगून टाकतो. आवाज पातळ आहे. मोठ्या स्टुडिओतल्या ड्रमची छातीवर बसणारी धडक इथे शोधू नका. कोटीबाज शब्दांचा मोह रेमोला कायमच आहे आणि कधीकधी गाण्यापेक्षा कोटी पुढे पळते.

तरीही ऐकायचं, कारण इथे इंग्रजी रॉक पहिल्यांदा आपल्या शेजारच्या गावाबद्दल बोलतं. मुंबईचे बँड कॅलिफोर्नियाच्या हायवेबद्दल गात होते. या माणसाला विषय मिळाला तो घराबाहेरच्या रस्त्यावर. पर्यटक, पुढारी, सरकारी कारभार, गोंयकाराची सुशेगाद वृत्ती आणि त्याच वृत्तीवरची चिडचिड. त्या काळातलं त्याचं 'ओड टू ग्रॅहम बेल' घ्या. विषय काय, तर न चालणारा टेलिफोन! फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं आणि मिळाल्यावर तो बंद, हा अनुभव सगळ्या देशाचा होता. रॉक गाण्याचा विषय म्हणून तो कोणाला सुचला नव्हता.

गिटारच्या मध्येच बासरी येते, तीही ऐका. रेमो बासरी उत्तम वाजवतो. कुठे मांडोची आठवण देणारी चाल, कुठे पोर्तुगीज वळणाचा ठेका. यात फ्यूजनची पोज नाही. ज्या घरात तो वाढला तिथे हे सगळं एकत्रच ऐकू यायचं.

पुढे काय झालं?

'गोअन क्रेझी'नंतर गाडी थांबली नाही. १९८५मध्ये 'ओल्ड गोअन गोल्ड' आला. त्याच वर्षीच्या श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल'मध्ये रेमोचा आवाज होता. १९८६च्या 'पॅक दॅट स्मॅक'मध्ये तो गोव्यात पसरणाऱ्या ड्रग्सवर बोलला. त्याच सुमारास पंतप्रधान राजीव गांधी समोर बसलेले असताना त्याने 'हॅलो राजीव गांधी' हे गाणं म्हटलं आणि गोव्यात काय बिघडलंय ते सुरात ऐकवलं. स्थानिक पुढारी भडकले. पंतप्रधानांनी मात्र गाणं आवडल्याचं कळवलं, आणि तिथून देशभरच्या वर्तमानपत्रांना रेमो नावाचा माणूस कळला.

मग आला १९८७. 'बॉम्बे सिटी' अल्बम आणि 'जलवा'. ज्या मुंबईत त्याच्या गाण्यांना बाजार नव्हता, तिथल्या मोठ्या कंपनीचं, सीबीएसचं, लेबल आता त्याच्या कॅसेटवर होतं. १९९५ला 'बॉम्बे' सिनेमातलं 'हम्मा हम्मा' आलं आणि २००७मध्ये पद्मश्री.

या प्रसिद्धीनेच पहिल्या कॅसेटला झाकून टाकलं, असं मला वाटतं. रेमोवरच्या बहुतेक लेखांत 'गोअन क्रेझी'ला एक ओळ मिळते आणि तीही स्कूटरवर खर्च होते. गाण्यांपर्यंत कोणी पोचत नाही. २०२१मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्याने त्या दिवसांबद्दल स्वतः लिहिलं आहे, ते मुळातून वाचण्यासारखं आहे.

ही गाणी कुठे सापडली तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा. बेसकडे लक्ष ठेवा, मग गिटारकडे, मग मागच्या कोरसकडे. प्रत्येक वेळी वाजवणारा तोच आहे आणि दर वेळी टेप मागे नेऊन पुन्हा सुरू करणाराही तोच.