टेलकडून वर: बदलत्या काळातल्या नेतृत्वाच्या अभ्यासाची प्रस्तावना

काळ भराभर बदलत असताना आणि एका गोष्टीत दहा गोष्टी गुंतलेल्या असताना माणसांनी एकमेकांना सांभाळून कसे जगावे, त्यांतल्या काहींनी पुढाकार घ्यावा तो कशाच्या बळावर, हा या अभ्यासक्षेत्राचा विषय आहे. व्यवस्थापनाच्या वर्गांत तो शिकवला जातो तेव्हा उदाहरणे बहुतेक मोठ्या कंपन्यांची असतात. मराठी वाचकाला तिथून सुरुवात करण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्याच्या आग्नेयेकडचे बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके या विषयाचे दार उघडायला पुरेसे आहेत. गेली जवळजवळ दीडशे वर्षे तिथे पाण्याच्या एकाच प्रश्नाला उत्तरे दिली जात आहेत आणि प्रत्येक उत्तराच्या पोटातून नवा प्रश्न निघतो आहे.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. त्यावरचा उपाय म्हणून नीरा डावा कालवा काढला गेला आणि १८८५ मध्ये तो सुरू झाला. भोरच्या बाजूला अडवलेले पाणी पुरंदर, बारामती करत इंदापुरापर्यंत येऊ लागले. पण पाऊस बरा झाला की कालव्याचे पाणी घ्यायला फारसे कोणी पुढे येईना. बागायतीला खत, बैल, मजुरी आणि हाताशी रोकड लागे. ज्वारी-बाजरीवर संसार चालवणाऱ्याला हा जुगार परवडणारा नव्हता. उसाची शेती आणि गुऱ्हाळाची जाण घेऊन सासवडचे माळी कालव्याच्या काठी उतरले, तेव्हा चित्र पालटू लागले. मग उलटी तक्रार सुरू झाली. भारी काळ्या जमिनींत पाणी मुरून राहिले, शिवार पाणथळ झाले, मातीवर पांढरे क्षार फुटले. विसाव्या शतकाच्या आरंभी अभियंते विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत आणली. एका पट्ट्याला ठरलेल्या वर्षांसाठी पाणी द्यायचे, त्यातल्या काही भागातच ऊस घ्यायचा आणि पिके फिरवत राहायची, हे तिचे सूत्र होते. पाणी अधिक गावांत पसरावे आणि जमीनही वाचावी, हा त्यामागचा हेतू.

हा क्रम ध्यानात ठेवावा. दुष्काळावर कालवा, कालव्यातून पाणथळ आणि क्षार, त्यावर वाटपाचे नियम, आणि नियम आले की ते पाळणाऱ्याचे आणि मोडणाऱ्याचे राजकारण. १९७३ मध्ये होर्स्ट रिटल आणि मेल्विन वेबर या दोन नियोजनतज्ज्ञांनी अशा प्रश्नांची लक्षणे मांडली. त्यांच्या भाषेत हे 'नाठाळ' प्रश्न. ते कधी कायमचे सुटत नाहीत. त्यांची उत्तरे बरोबर किंवा चूक नसतात, फक्त अधिक बरी किंवा अधिक वाईट असतात. आणि केलेला उपाय पुसून पाटी कोरी करता येत नाही. त्याच वर्षी परिस्थितीकीचे अभ्यासक सी. एस. हॉलिंग यांनी दाखवून दिले, की एखादी व्यवस्था स्थिर दिसते म्हणजे ती धक्का पचवू शकतेच असे नाही. या दोन निबंधांपासून या क्षेत्राची बरीच चर्चा सुरू होते. नीरेच्या काठच्या शेतकऱ्याला त्यातला गाभा समजायला वेळ लागणार नाही.

तिसरा धागा नेतृत्वाचे अभ्यासक रोनाल्ड हायफेट्झ यांचा. १९९४ च्या आपल्या ग्रंथात ते दोन प्रकारची कामे वेगळी करतात. काही अडचणी जाणकाराने येऊन दुरुस्त करण्याजोग्या असतात. काहींमध्ये लोकांनाच आपल्या सवयी, अपेक्षा आणि हक्क बदलावे लागतात. दुसऱ्या प्रकारच्या कामाला पहिल्याचा मुलामा देणे ही नेतृत्वाची सर्वांत नेहमीची चूक, असे ते सांगतात. बारामतीत याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विकास प्रतिष्ठानात अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ऊसशेतीचे प्रयोग चालू आहेत. माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, क्षार, उष्णता यांचा पिकावरचा ताण हाच तिचा विषय. मातीत किती ओल आहे हे यंत्र अचूक सांगेल. पण आज पाणी कोणाच्या चारीला सोडायचे आणि कोणी थांबायचे, हे यंत्र सांगू शकत नाही. तिथे माणसांना एकमेकांसमोर बसावेच लागते.

आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटल्यावर शिवारात काय घडते ते जवळून पाहावे. पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरलेला शेतकरी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या निरोपाची वाट बघत असतो. पाळी रात्री दोनला आली तर विजेरी आणि फावडे घेऊन तो बांधावर उभा राहतो, एका सरीचे दारे मोडतो, दुसरीचे धरतो. पाण्याचा जोर मध्येच कमी झाला की वर कोणीतरी चारी फोडली हे त्याला न सांगता कळते. आता दोन वाटा असतात. वर जाऊन भांडायचे, किंवा उद्या पारावर विषय काढायचा. गावात पुढाकार कोणाकडे आहे हे सत्काराच्या हारांवरून कमी आणि त्या दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत कोणाच्या शब्दावर दोघेही गप्प बसतात त्यावरून अधिक समजते. राज्याच्या २००५ च्या सिंचन कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. पण संस्थेचे बळ कागदावरच्या अधिकाराइतकेच अशा शब्दावरही टिकते. सामायिक साधनांच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात स्पेनपासून फिलिपिन्सपर्यंतच्या सिंचनसमूहांबद्दल हेच सांगितले आहे. नियम ज्यांना पाळायचे आहेत त्यांचा ते ठरवण्यात हात असेल आणि देखरेख करणारा त्यांना उत्तरदायी असेल, तर सामायिक साधन दीर्घकाळ टिकते.

या अभ्यासाकडे पाहण्याची आमची जागा आता उघड करतो. कालव्याच्या माथ्यावर बसून सगळे सुरळीत दिसते. व्यवस्था कशी चालली आहे हे टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, कळते. इंदापूर तालुका या दृष्टीने जणू मुद्दाम आखल्यासारखा आहे. नीरा डाव्या कालव्याचे टेल इथे. खडकवासल्याचा कालवाही दौंडवरून इथेच येऊन संपतो, त्यामुळे पुणे शहराची तहान वाढली की झळ इथल्या शेताला बसते. उत्तरेला आणि पूर्वेला भीमेवरचे उजनी धरण. १९८० मध्ये ते पूर्ण झाले तेव्हा या तालुक्यातल्या गावांनी आपली काळी आई पाण्याखाली दिली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर आजही वर येते. त्याच फुगवट्यावर भिगवणची मासेमारी उभी राहिली, रोहित पक्षी आले, त्यांना पाहायला पर्यटक आले. धरणाचे पाणी मात्र मुख्यतः सोलापूर जिल्ह्याच्या हिशेबात. २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरला ५ टीएमसी देण्याचा आदेश निघाला, सोलापुरात आंदोलन पेटले आणि आदेश मागे घ्यावा लागला. धरणासाठी घर सोडलेल्यांचे म्हणणे खरे होते आणि धरणाखालच्या लाभक्षेत्रात वर्षानुवर्षे पाण्याची वाट पाहणाऱ्यांचेही. दोन्ही बाजू खऱ्या असताना निर्णय घ्यावा लागतो, हीच या विषयाची खरी परीक्षा.

टेलची ही कसोटी इथल्या सहकारी साखर कारखान्यांनाही लावावी. मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड अॅटवुड यांनी माळेगावात दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९९२ मध्ये आला. मोठ्या बागायतदाराला कारखाना पूर्ण क्षमतेने चालवायला लहान शेतकऱ्याचा ऊस लागतो, म्हणून त्यालाही वाजवी भाव मिळण्यात मोठ्याचे हित असते, ही त्यांची मांडणी आजही विचारात घेण्याजोगी आहे. कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास करणारे बी. एस. बाविस्कर यांच्यासह त्यांनी संपादित केलेले लेखनही वाचावे. पण सभासदाच्या पलीकडे कारखान्याचे आणखी एक टेल आहे. हंगामात बीड, अहिल्यानगरकडून कोयता घेऊन येणारे ऊसतोड मजूर फडाशेजारी खोपी बांधून राहतात. कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत त्यांना मत नसते. गुंतागुंतीचा अभ्यास करताना व्यवस्थेची सीमा कुठे आखली आणि त्या रेषेबाहेर कोण राहिले, हे विचारायला ती खोपी भाग पाडते.

चांगले जगणे हा या विषयाचा दुसरा अर्धा भाग, आणि तो बहुतेक वेळा दुर्लक्षित राहतो. बारामतीच्याच सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात टँकरची आठवण अजून ताजी आहे, तर बागायती गावांत पैसा आला तरी रात्रपाळीचे पाणी, क्षारपड जमीन आणि शेतावर थांबायला राजी नसलेली मुले यांची चिंता आहे. चांगल्या जगण्याची दुसरी बाजूही इथेच दिसते: दरवर्षी तुकोबांची पालखी या वाटेने जाते. काटेवाडीला धनगर बांधव पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण करतात. हजारो माणसे, जनावरे, दिंड्या एका क्रमाने चालतात. प्रत्येक दिंडीला आपली जागा ठाऊक असते आणि चोपदाराने दंड उंचावला की सगळे शांत होतात. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या शिस्तीने एवढा समुदाय चालतो, तेव्हा चांगले जगणे हे केवळ उत्पन्नाचे कोष्टक नाही, एकत्र चालण्याची सवयही आहे, हे ध्यानात येते.

नव्या अभ्यासकाला इथे पदव्यांची अट नाही. सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक, बचतगटाच्या ताई, बँकेतले अधिकारी, सगळ्यांच्या अनुभवाला या चर्चेत जागा आहे. सिद्धांत वाचण्याआधी आपल्या गावातला एक निर्णय निवडावा: विंधनविहिरीचा, रस्त्याचा, शाळेच्या वेळेचा, कशाचाही. तो कोणी घेतला हे लिहावे, त्यामागची अडचण लिहावी, पाच-दहा वर्षांत त्यातून कोणते नवे प्रश्न निघाले ते लिहावे. मग त्या निर्णयाच्या टेलला राहणाऱ्या माणसाकडे जावे आणि त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. पुढच्या वेळी निर्णय घेताना त्याला बैठकीत बसवले, तर या क्षेत्रातले पहिले काम झाले असे समजावे.