चिमूटभर मीठ आणि डब्याचं दूध

बाळाच्या दुधाच्या डब्यामागे बारीक अक्षरातला तक्ता असतो. कॅल्शियम, लोह, सोडियम, क्लोराइड वगैरे. त्यातली क्लोराइडची ओळ आपण कधी वाचत नाही. अमेरिकेत त्या एका ओळीसाठी शंभराहून जास्त बाळं आजारी पडावी लागली.

सत्तरच्या दशकात तिथे मीठ आणि रक्तदाब यांची जोरात चर्चा होती. बाळांच्या खाण्यातलंही मीठ कमी करा, असा सूर होता. सिंटेक्स कंपनीने 1978 मध्ये 'निओ-मल-सॉय' आणि 'चो-फ्री' या आपल्या सोयाबीनच्या बाळदुधात मीठ घालणं थांबवलं. हेतू वाईट नव्हता. पण मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सोडियम कमी करायला गेले आणि सोबत क्लोराइडही गेलं.

आपल्याला भाजीत मीठ कमी पडलं तर लोणच्यातून मिळतं. तान्ह्या बाळाचं सगळं जेवण त्या एका बाटलीत असतं.

1979 च्या उन्हाळ्यात मेम्फिसच्या डॉक्टरांकडे अशी बाळं येऊ लागली. दूध नको म्हणायची, वजन वाढत नव्हतं, अंगात जोर नव्हता. रक्तात क्लोराइड फारच कमी आणि रक्त जास्त अल्कधर्मी झालेलं. विचारपूस केली तर सगळ्यांच्या बाटलीत तेच दूध! अटलांटाच्या रोग नियंत्रण केंद्राला कळवलं गेलं आणि ऑगस्टमध्ये माल बाजारातून परत घेतला गेला.

मग प्रश्न पडतो, तेव्हा क्लोराइड मोजता येत नव्हतं का? अहो, येत होतं की! सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजायची पद्धत एकोणिसाव्या शतकातली आहे, कॉलेजची मुलं आजही ती करतात. नव्हती ती फक्त सक्ती. तयार मालात हा घटक मोजलाच पाहिजे, असं कायदा सांगत नव्हता.

पालक गप्प बसले नाहीत, थेट काँग्रेसपुढे साक्ष द्यायला गेले. सप्टेंबर 1980 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी बाळदुधाच्या कायद्यावर सही केली. आज तिथे दर 100 किलोकॅलरीमागे किमान 55 मिलिग्रॅम क्लोराइड असावंच लागतं. प्रत्येक बॅच तपासायची सक्ती यायला मात्र 1986 ची दुरुस्ती लागली.

हे आठवायचं कारण म्हणजे आता दुधाच्या पावडरीतली खनिजं लेसरने मोजायचे प्रयोग चालू आहेत. पावडर दाबून टिकडी करायची, तिच्यावर सेकंदाच्या काही अब्जांश भागाएवढा लेसरचा झोत मारायचा. तिथला कणभर भाग तापून प्लाझ्मा होतो आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देतं. सोडियमचा पिवळा, 589 नॅनोमीटरचा. कॅल्शियमचा जांभळ्याच्या टोकाला, 393 च्या आसपास. नेहमीच्या पद्धतीत नमुना आधी आम्लात विरघळवावा लागतो, इथे ती खटपट नाही. 2012 पासून मंगळावर फिरणारी क्युरिऑसिटी गाडी तिथले दगड याच तंत्राने तपासते.

गंमत बघा, याच लेसरला क्लोरीन नीट पकडता येत नाही! त्याची रेषा फिकी, तीही अवरक्तात, 837 नॅनोमीटरजवळ. म्हणून कधीकधी कॅल्शियम आणि क्लोरीन एकत्र आल्यावर जो प्रकाश देतात, त्यावरून अंदाज बांधावा लागतो. म्हणजे 1979 ची चूक या यंत्रालाही सहज दिसली असती असं नाही.

2008 मध्ये चीनमध्ये याच्या उलट झालं. तिथे तपासणी होत होती, पण नायट्रोजन मोजून प्रथिनं धरली जात. लबाडांनी नायट्रोजनवालं मेलामाइन मिसळलं आणि दूध पास! सहा बाळं दगावली, जवळपास तीन लाख आजारी पडली.

यंत्र आपण विचारू तेवढंच सांगतं. त्यामुळे नव्या तपासणी यंत्राची बातमी वाचली की टाळ्या जरूर वाजवा, पण सोबत तीन गोष्टी विचारा. यादीत काय काय आहे? ती कोणी ठरवली? आणि प्रत्येक बॅच खरंच तपासली जाते का? मेम्फिसची बाळं आजारी पडली तेव्हा हे विचारणारं कोणी नव्हतं.