‘पेरू’ आणि ‘नासपती’ : एक नामभ्रम

जुनी यादी, बाड अगर निघंटूची पोथी हातीं आली म्हणजे संशोधक तींतील व्यक्ति, गांवें व शक यांचा कसून विचार करितो; फळांचीं नांवें मात्र ओळखीचीं समजून पुढें जातो. या ओळखीच्या नांवांनींच कधीं कधीं फसगत होते.

पावसाळ्यांत नाशिकच्या बाजारांत उत्तरेकडील नासपती येते. तिचें नांव फारसी ‘नाशपाती’ यावरून आलें आहे. प्रस्तुत लेखकाच्या एका विद्यार्थ्यानें तें ‘नाशाचा पति’ असें षष्ठी तत्पुरुष मानून सोडविलें होतें. विग्रह बिनचूक, अर्थ सर्वस्वी चूक! हीच चूक आपण मोठेपणीं अधिक गंभीरपणें करितों.

सातव्या शतकांत आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग सांगतो कीं, कनिष्काच्या वेळीं ओलीस आलेल्या चिनी लोकांनीं पंजाबांतील चीनभुक्ति येथें नासपती व पीच हीं फळें प्रथम आणिलीं. म्हणून पीचास ‘चीनानी’ व नासपतीस ‘चीनराजपुत्र’ म्हणत. हिमालयांत रानटी नासपती मूळचीच असल्यामुळें, हें विधान लागवडीच्या जातीपुरतेंच घ्यावें हें बरें.

पुढें या फळाचीं नांवें दुसऱ्याच फळावर गेलीं, आणि तींही दोनदां. फारसींत ‘अमरूद’ म्हणजे नासपती; हिंदींत तोच शब्द आपल्या पेरूचा वाचक झाला. पोर्तुगीजांत ‘पेरा’ म्हणजे नासपती. त्यापासून कोंकणी ‘पेर’ व मराठी ‘पेरू’ झाले. कित्येक जण पेरू शब्दाचा संबंध दक्षिण अमेरिकेंतील त्या नांवाच्या देशाशीं जोडितात. परंतु कोंकणींतील उकाररहित ‘पेर’ हें रूप त्यास अनुकूल नाहीं. दोन निरनिराळ्या भाषांच्या लोकांस एकच साम्य दिसावें, यास कारणही आहे. देठाकडे निमुळता आकार दोहोंतही आढळतो. शिवाय दोहोंच्या गरांत कठीण पेशींचे बारीक कण असून ते दांतांस रवाळ लागतात.

यांतून काळनिर्णयाचें एक साधन मिळतें. पेरूचें झाड मूळचें अमेरिकेंतील. कोलंबस तिकडे 1492 त पोंचला व पोर्तुगीजांनीं गोवें 1510 त घेतलें. तेव्हां यादवकालीन म्हणून पुढें आलेल्या लेखांत फळ या अर्थीं ‘पेरू’ आढळल्यास, तो लेख अगर निदान ती ओळ मागाहूनची समजावी. अर्वाचीन निघंटूंतील ‘पेरुक’ या संस्कृत वेषानेंही भुलूं नये. उलट सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत ‘अमृतफल’ मुद्गलांच्या देशांत विपुल मिळतें असें म्हटलें आहे. तें नासपतीस लागू पडतें, पेरूस नव्हे. त्याच ग्रंथांत फिरंग रोगाचें वर्णन असल्यानें त्याचा काळही जुळतो.

ज्यांस ही चर्चा रुक्ष वाटेल त्यांनीं दोन्ही फळें शेजारीं ठेवून खावीं. पंजाबकडील पत्थरनाख कडक व रसाळ. ती धुऊन तशीच खावी, म्हणजे पेरूचा रवाळपणा तींत लगेच ओळखूं येईल. काश्मीरकडील बग्गूगोशा मात्र आणल्याबरोबर चिरूं नये. ती आंतून बाहेर पिकते. यास्तव दोनचार दिवस ठेवून देठाजवळ हलकेंच दाबून पाहावें, व तेथें मऊ लागतांच खावी. सालीचा रंग बदलण्याची वाट पाहत बसल्यास गाभा उतरून जातो.

ज्या संग्राहकांजवळ शक वा सन घातलेले जमाखर्च, बागांच्या याद्या अगर मेजवान्यांचे तपशील असतील, त्यांनीं त्यांतील ‘पेरू’, ‘अमरूद’, ‘नासपती’ हे शब्द मितीसह उतरून प्रसिद्ध करावे. नक्कल करितांना जुन्या शब्दाजागीं आजचा परिचित शब्द घालूं नये; कारण एकदां तो बदलला कीं पुरावाच नाहींसा होतो.