हिरड्यांतून रक्त येतंय? दुर्लक्ष करू नका

पुण्याच्या मंडईत तळहातावर तंबाखू चोळणारे अजूनही दिसतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मशेरी तर आपल्या घरातच भाजली जाते. मशेरीने दात घट्ट होतात, असं दादी-नानी सांगतात. हे खरं नाही. मशेरी म्हणजे तंबाखूच. तंबाखूमुळे हिरड्यांतून रक्त कमी येऊ शकतं, म्हणून आजार आतल्या आत वाढला तरी कळत नाही.

आजार कसा होतो?
दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. तो साफ झाला नाही, तर कडक होऊन कीटण बनतं. हिरड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येतं. इथवर आजार पूर्ण बरा होतो. पुढे दाताभोवतीचं हाड झिजतं, दात हलू लागतात. झिजलेलं हाड सहसा भरून येत नाही.

उपचार
कीटण ब्रशने निघत नाही, ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं. त्याने दात ढिले होतात, ही भीती चुकीची आहे. कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे, तिथेही दाखवता येईल. शुगर असेल तर टाळाटाळ नको. हिरड्यांचा आजार आणि शुगर एकमेकांना वाढवतात.

काळजी
दिवसातून २ वेळा, २ मिनिटं ब्रश करा. मिसवाक सुन्नत आहे, फायद्याचीही आहे. टोक ताजं ठेवा, आतल्या बाजूनेही फिरवा. रमजानमध्ये सहरीनंतर आणि झोपण्यापूर्वी दात घासा.

आणि अम्मीची मशेरी सोडवायची असेल, तर रागावू नका, सोबत दवाखान्यात जा.