थाळीपासून टी-शर्टपर्यंत : ट्रान्सफर कागद कातरण्याचा इतिहास

टी-शर्टवर उष्णतेने चित्र उमटवण्यापूर्वी ट्रान्सफर पेपरचा कोरा भाग कापून टाकणे हे छपाईच्या धंद्यात किरकोळ काम मानले जाते. वास्तविक त्याची परंपरा अठराव्या शतकातील इंग्लंडच्या कुंभारकामापर्यंत मागे जाते. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी सहा तासांत बाराशेहून अधिक फरशा छापल्याचे प्रतिज्ञापत्र १७५६ मध्ये केले, आणि १७८४ च्या सुमारास जोसाया स्पोड यांनी स्टॅफर्डशरमध्ये झिलईखालच्या निळ्या छपाईत जम बसवला. कोरलेला तांब्याचा पत्रा तापवून त्यात तेलकट शाई भरली जाई, साबणाच्या पाण्याने ओलावलेल्या पातळ कागदावर त्याचा छाप घेतला जाई, आणि तो ओलसर, सहज फाटणारा कागद कातरण्यासाठी एखाद्या उमेदवार मुलीच्या हाती येई. मधले चित्र आणि काठाची नक्षी ती वेगळी करी. मग दुसरी कारागीर स्त्री ते तुकडे भाजलेल्या पण झिलई न दिलेल्या भांड्यावर बसवून ताठ ब्रशने घाशी आणि शाई धरल्यावर कागद पाण्याने धुऊन काढी. जुन्या निळ्या थाळ्यांच्या काठावर जिथे वेलाचे टोक वेलाला नीट मिळत नाही, तिथे हा हातजोड आजही स्पष्ट दिसतो. अशा थाळ्यांच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो, कातरणारीचे नाव नसते; या कलेच्या इतिहासातील ही उणीव मोठीच म्हटली पाहिजे.

कापडाच्या बाबतीत इस्त्रीने उमटणारे भरतकामाचे नमुने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी पोहोचले. १९७० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या टी-शर्टच्या ट्रान्सफरमध्ये प्लास्टिसोल, म्हणजे पीव्हीसीचे कण द्रव मृदुकारकात मिसळून केलेली शाई, वापरली जाई. ती चित्रापुरतीच कागदावर छापलेली असल्यामुळे भोवतालचा कागद कापडावर काहीही न सोडता निघून येई.

कात्रीची गरज नव्याने भासली ती रंगीत फोटोकॉपी यंत्रे आणि पुढे घरगुती इंकजेट प्रिंटर आल्यावर, कारण त्यांच्यासाठीच्या ट्रान्सफर पेपरवर उष्णतेने वितळणाऱ्या पॉलिमरचा थर कडेपासून कडेपर्यंत दिलेला असतो आणि शाई नसलेल्या जागीही तो कापडाला चिकटतो. पांढऱ्या शर्टावर ही पारदर्शक चौकट आरंभी जेमतेम जाणवते, पण धुण्यागणिक ती पिवळसर आणि ताठ होऊ लागते. शिवाय टोकदार कोपरा ताण येताच प्रथम उचलला जातो, म्हणून जाणकार कारागीर चित्राच्या बाह्यरेषेलगत कापताना कोपरे गोलसर ठेवतात. गडद कापडासाठीच्या कागदात खालचा थर अपारदर्शक पांढरा असल्याने रेषेबाहेर राहिलेली बारीक पट्टीही लपत नाही. अलीकडे छापलेल्या खुणा वाचून कडेने कापणारी प्लॉटर यंत्रे हे काम करतात, तरी अक्षरांच्या पोटातले कोरे तुकडे चिमट्याने हातानेच उचलावे लागतात.