सुरश्रींची मोजकी तबकडी

लोकप्रियता ही कलेची वैरीण, असे आपल्याकडे वारंवार म्हटले जाते. आमच्या मते हा निवाडा घाईचा आहे. तो तपासून पाहण्यास सुरश्री केसरबाई केरकर यांच्याइतकी भक्कम साक्ष दुसरी नाही.

1892 साली फोंडा तालुक्यातील केरी येथे त्यांचा जन्म झाला. देवळातील गायनसेवेतून ज्या कलावंत घराण्यांत सूर रुजला, त्यांच्याच परंपरेतल्या त्या. बालपणी अब्दुल करीम खाँ, पुढे रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना मिळाली. 1921 साली त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करले, तेव्हा त्यांचे वय एकोणतीस होते. इतर गायिका ज्या वयात नाव आणि द्रव्य जोडीत, त्या वयात बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. पुढे मैफली गाजू लागल्या, तरी 1946 साली खाँसाहेब निवर्तेपर्यंत त्यांचे शिकणे थांबले नाही.

त्या काळी कीर्ती घरोघर नेणारे साधन म्हणजे ग्रामोफोन. पण तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. आवर्तनागणिक राग उलगडणाऱ्या जयपूर-अत्रौली गायकीला तेवढा अवकाश कसा पुरावा? बाईंनी मोजक्याच तबकड्या दिल्या. या निग्रहाची किंमतही मोठी होती : त्यांची भरघोस मैफल ज्यांनी ऐकली ते श्रोते गेले, आणि आम्हां मागाहून आलेल्यांच्या वाट्यास थोडेच उरले.

तरीही 1977 साली अमेरिकेची 'व्हॉयेजर' याने अंतराळात निघाली, तेव्हा त्यांवरील सोनेरी मुलाम्याच्या तबकडीसाठी भारतीय संगीतातून एकच गायन निवडले गेले. ते केसरबाईंच्या भैरवीचे. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई निवर्तल्या. ती भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे!

यावरून आम्ही इतकेच समजतो की, बाईंचे वैर श्रोत्यांशी नव्हते, लहान मापाशीही नव्हते. गाणे मापात बसविण्यासाठी सूर उणा करावयाचा नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता. देवळाच्या उत्सवात गायनाची बैठक ठेवावी की गर्दी खेचणारा कार्यक्रम, हा प्रश्न आपल्या समित्यांपुढे दरवर्षी येतो. गर्दी अवश्य यावी. परंतु देवापुढे मांडावयाचे ते पूर्ण मापाचेच असावे.